पहिल्या खुर्चीचा साक्षीदार

उजेड आधी छताच्या कडेला येई. तिथे तो बराच वेळ रेंगाळे, परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा. आत यावं की नाही अशा संकोचात. मग भिंतीवरून उतरू लागे, खिळ्याच्या भोकाशी, रंगाच्या पोपड्याशी थांबत थांबत. उशीपर्यंत पोचेतो तो दुधट पिवळा झालेला असे. आणि तो उतरत असतानाच खालच्या कार्यशाळेतून रंध्याचा आवाज येई. एक लांब, सलग सर्र. मग क्षणभर शांतता, जणू लाकडाला श्वास घ्यायला सवड दिली आहे. मग पुन्हा सर्र.

बालपणाची त्याची ही सर्वांत लाडकी आठवण. त्या आवाजापाशी तो ती नेहमी थांबवी.

आज भिंतीवर उजेड तोच होता. कार्यशाळा कधीच बंद झाली होती, आणि बाबांना जाऊनही बरीच वर्षं लोटली होती. तो पांघरूण बाजूला सारून खाली आला.

बैठकीच्या मधोमध खुर्ची उभी होती. पाठीची कमान आणि दोन्ही हात मिळून लाकडाची एकच पट्टी, वाफेवर वाकवलेली. कुठे सुरू झाली नि कुठे संपली ते बोटांनाही कळू नये. पुढे एका कारखान्याने हिच्यासारख्या हजारो काढल्या. दवाखान्यांत, वाचनालयांत, विमानतळांवर लोक त्यांत बसून वाट पाहत म्हातारे झाले. पन्नास वर्षांत किती तऱ्हा आल्या नि गेल्या. हिच्यात एक रेघ वाढवावी किंवा पुसावी असं कुणाला वाटलं नाही. ही त्या सगळ्यांची थोरली.

तो शाळेत चित्रकला शिकवी. स्वतः त्याने काही घडवलं नव्हतं. हिच्यासमोर उभं राहिलं की त्याची पेन्सिल आपोआप खिशात जाई.

"रात्रभर घोरत होतास," आई चहा गाळता गाळता म्हणाली.

"मी नाही घोरत."

"तेही हेच म्हणायचे. झोपल्यावर कुणी घर उचलून नेलं असतं, तरी ह्यांना पत्ता लागला नसता. त्यांच्या कुशीत वाढलास, सूर तोच लागणार."

दारावर टकटक झाली. संग्रहालयातल्या बाई खुर्ची न्यायला आल्या होत्या. आत पाऊल टाकताच त्यांची नजर खुर्चीवर गेली. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि सरळ जमिनीवर बसून त्या खालून खुर्चीकडे पाहू लागल्या.

"पाहुण्यांनी फरशीवर बसावं म्हणून का खुर्ची केलीय?" आई म्हणाली. "बसा की हो वर."

बाई ओशाळून हसल्या आणि अलगद बसल्या. त्यांचे खांदे उतरले, कोपर आपण होऊन खुर्चीच्या हातावर टेकलं. त्यांनी डोळे मिटले.

"माझी पाठ हिला कशी ठाऊक?"

"पाठ सगळ्यांचीच दुखते," आई म्हणाली. "तेवढं ध्यानात ठेवायचं."

"हे तुमचे यजमान म्हणायचे?"

"ते पुष्कळ काही म्हणायचे. बोलायला लागले की गिऱ्हाईक उभ्या उभ्या खुर्ची घ्यायचं. मला कुठे चार माणसांत तोंड उघडायला जमायचं! हा माझ्यावर गेलाय."

तो खाली मान घालून हसला.

बाईंनी खुर्चीच्या पट्टीवरून हात फिरवला, पुन्हा एकदा फिरवला, आणि नाइलाजाने कामाकडे वळल्या. "अडचण एकच आहे. कारखानदार म्हणतात, पहिला नमुना त्यांच्या कामगारांनी केला. तुमच्या वडिलांनी फक्त कल्पना विकली. आम्हाला खुर्चीखाली नाव कोरायचं आहे. ती याच घरात घडली, हे सांगणारं कुणीतरी हवं."

"मी सांगतो," तो म्हणाला. इतक्या ठामपणे तो क्वचितच बोले. "मी सहा वर्षांचा होतो. रोज पहाटे खालून रंध्याचा आवाज यायचा. त्या आवाजानेच मला जाग यायची. ही खुर्ची मी कानांनी घडताना पाहिली आहे."

बाई भराभर लिहून घेऊ लागल्या. "आणखी काही?"

"लाकडाचा कीस. बारीक वेटोळी. आई वर आली, की तिच्या वेणीत अडकलेली असायची. मी ती काढून उशीखाली जपून ठेवायचो."

"खालचा केर मीच काढायचे," आई म्हणाली.

खुर्ची किंचित करकरली. आईचा अंगठा पट्टीच्या खालच्या अंगाला गेला आणि एका जागी दाबून राहिला. करकर थांबली. "हवा बदलली की बोलते ती," आई पुटपुटली.

"छान झालं," बाई म्हणाल्या. "म्हणजे तुमच्या वडिलांचंच नाव. आता एक शेवटचं. वरच्या खोलीत तुमच्याबरोबर आणखी कुणी झोपायचं का? तो आवाज ऐकलेलं? दोन साक्षी झाल्या तर कारखान्याला बोलायला जागाच उरणार नाही."

"चहा निवतोय," आई एकदम म्हणाली. "लहान होता हो तो. त्याला काय आठवणार?"

उजेड खिडकीतून खुर्चीपर्यंत आला होता. पट्टीच्या वळणावरून तो कुठेही न अडखळता वाहत गेला आणि आईच्या अंगठ्यापाशी थांबला. त्याला पुन्हा लहानपणची ती भिंत दिसली, पोपडे दिसले; खालून तो लांब, सलग आवाज आला. आठवण नेहमीच्या जागी थांबली. मग पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्याने त्या आठवणीत कूस बदलली.

"हो, झोपायचे," तो म्हणाला. "बाबा. माझ्या शेजारी, घोरत."