सत्तीची जोडी

“भाभी, पहले पत्ते तो देखो!” शेजारी बसलेला नवऱ्याचा मित्र नीरव कळवळून म्हणाला.

वीणाने पानं न बघताच चिप्स पुढे सारल्या होत्या. समोर बसलेल्या तिच्या नवऱ्याने, सुजीतने, कपाळावर हात मारला.

देरा भागातल्या हॉटेलचा हॉल खच्चून भरला होता. स्पर्धा पोकरची, पण प्रवेश मोफत. त्यामुळे हौशे, नवशे, गवशे सगळे आलेले. अशी माणसं प्रत्येक डाव खेळतात आणि चहाच्या आत घरी जातात, असं सुजीतचं शास्त्र सांगत होतं. बरेचसे गेलेही. टेबलं कमी होत होत नवरा-बायको समोरासमोर आले.

सुजीतने वर्षभर अभ्यास केला होता. अकरा वर्षांच्या अस्मीलासुद्धा कुठली जोडी मोठी, कुठली लहान हे त्याने पाढ्यांसारखं पाठ करून दिलं होतं. उद्याच्या फेरीत पोचलो तर नोकरी सोडून पूर्णवेळ पोकर, नाहीतर पत्त्यांना पुन्हा हात लावणार नाही, असं त्याने अख्ख्या मित्रमंडळींसमोर जाहीर केलं होतं. आणि सुजीत एकदा बोलला की बोलला. स्वतःहून मागे फिरणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

इथे परदेशात नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की अस्मीची शाळा आणि करामा भागातलं घर. वीणाने रडून पाहिलं, भांडून पाहिलं. शेवटी तिनेही स्पर्धेत नाव घातलं. आता स्पर्धेतून बाहेर जायचं तर याला घेऊनच.

हा डाव वाढतच गेला. सुजीतने आपली दोन पानं कोपऱ्याला धरून उचलून पाहिली, मग परत एकदा पाहिली. बघता बघता त्याच्या बहुतेक चिप्स मध्ये गेल्या. टेबलावर सगळ्यांसाठी मांडलेल्या पानांतलं शेवटचं उघडलं ते सत्तीचं. तेव्हा कुठे वीणाने स्वतःची पानं पाहिली.

“ऑल-इन.” तिने आपल्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या.

“वीणा, नीट विचार कर.”

“केलाय.”

“तुझा माझ्यावर भरवसाच नाही का?”

“तुझ्यावर आहे रे. पत्त्यांवर नाही.”

सुजीत तिच्याकडे बघत राहिला. तिच्या ओठांवर घाम आला होता. मग त्याने डाव सोडून आपली पानं पालथीच सरकवून दिली. “फोल्ड.”

आनंदाच्या भरात वीणाने आपली पानं उघडी केली. सत्ती आणि दुर्री.

“बस, सत्ती की जोड़ी?” नीरव ओरडला. “इस पे ऑल-इन?”

सुजीत नुसताच हसला. उरलेल्या चिप्स त्याने पुढच्या डावात न बघताच लावल्या. खलास. वीणाही चिप्सचा ढीग तसाच टाकून उठली.

“मॅडम, आप तो जीत रही हैं!” पत्ते वाटणारी मुलगी म्हणाली.

“घरी कुकर लावायचाय,” वीणा म्हणाली.

आठवडाभर धड न जेवलेल्या सुजीतने आमटी-भात तीनदा मागून घेतला. वर्षभराच्या अभ्यासाला सत्तीच्या जोडीने हरवलं, बिचारा, असं वाटून वीणाला जरा वाईट वाटलं. पण सुटलो एकदाचे, हे त्याहून कितीतरी मोठं होतं. भांडी घासता घासता ती गुणगुणायला लागली.

बाहेर अस्मी बाबाला चिकटून बसली होती. “आई हॅड सेव्हन्स. व्हॉट डिड यू हॅव, बाबा?”

सुजीतने स्वयंपाकघराकडे पाहिलं. “एक्का.”

“अँड?”

“अजून एक एक्का.”

“बट बाबा, देन यू वेअर विनिंग!”

“हळू बोल,” सुजीत म्हणाला. “आई ऐकेल.”