कसलो नारळ?

“कसलो नारळ ह्यो?” सत्यवान गावकरांनी विचारलं.

रवळनाथाच्या देवळाचा वर्धापनदिन होता. सभामंडप गच्च भरला होता. नवसाचा नारळ देवापुढे ठेवायचा, गावकरांनी त्याचं गाऱ्हाणं घालायचं आणि सगळ्या गावाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, ही रीतच. पण आनंदीकाकी नारळ घेऊन स्वतः पुढे आली नव्हती. तिने तो पुतणीच्या, संचिताच्या हातात दिला होता आणि खांबाआड जाऊन उभी राहिली होती. “तब्येतीचो म्हणान सांग,” ती म्हणाली होती. “फुडे एक अक्षर बोललंस तर बघ.”

“तब्येतीचो,” संचिता म्हणाली.

“मोघम चलाचा नाय, चेडवा. देवान काय समजाचा?”

संचिता दहावीत होती. गेल्याच महिन्यात तिने शाळेसाठी वक्तृत्वाची ढाल आणली होती. तेव्हापासून आपल्याला कुठेही, कोणाशीही बोलता येतं अशी तिची पक्की खात्री झाली होती. काकीला मालवणच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं तेही तिनेच. नाहीतर काकी जाते कसली! दोन वर्षं ती घराची पायरी उतरली नव्हती. कुणकेश्वरची जत्रा नाही, भाचीचं लग्न नाही, साधं हळदीकुंकू नाही. मुलगा मुंबईत साहेब झाला, आता ही कशाला येतेय आपल्यात, असं गाव म्हणायचं. सगळ्यात जास्त काशीबाई म्हणायच्या. “मोठी माणसां ती. आमच्या चटयेर बसली तर मळतली.”

काशीबाई स्वतः एकही कार्यक्रम चुकवत नसत. आल्या की थेट दाराशी बसत. मधेच गायब होत, पुन्हा येऊन बसत. कोणाच्या घरी काय शिजतंय ते बघून येतात, असं लोक हसून म्हणत.

काकीचं खरं कारण घरात फक्त संचिताला माहीत होतं. खोकला आला, शिंक आली की काकीची साडी ओली व्हायची. त्या भीतीने ती पाणीच पीत नसे, आणि मग चार-चार दिवस पोट साफ नाही. डॉक्टरीणबाईंनी आधी किडनी धड आहे ना हे बघायला रक्त तपासलं, मग मॅग्नेशियमच्या गोळ्या दिल्या. वर पाण्याची सक्ती.

“एकाक थांबवूचा आणि एकाक सोडूचा,” काकीने गोळी उलटीपालटी करून पाहिली होती. “खंय काय करूचा ता हिका कळतला कसा?”

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. गोळी काम एकच करते, त्या म्हणाल्या, पोटाचं. पोट तुंबलं की मूत्राशयावर दाब येतो. ते मोकळं झालं की त्यालाही जरा सोसवतं.

आणि सोसवलंच की! आज काकी चालत देवळात आली होती. दोन वर्षांनी.

“सांग गो बेगीन,” गावकर म्हणाले. मागे नारळ घेऊन लोक खोळंबले होते.

संचिताने टाचा उंचावल्या आणि गावकरांच्या कानात सगळं सांगून टाकलं. कानात सांगितलेलं कानातच राहतं, असं तिला वाटलं.

गावकरांनी गंभीरपणे मान हलवली. हात जोडले. आणि मंडपाच्या कौलांना भिडेल असा आवाज लावला.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या तुझ्या आनंदीबायचा पोट साफ होय नसला म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!”

“खोकलल्यार, शिंकल्यार तिची लघवी सुटा म्हाराजा. त्या पायी ती दोन वर्सां घराभायर पडाक नाय म्हाराजा. आता गोळयेन गुण इलो, म्हणान तुका ह्यो नारळ म्हाराजा...”

या वेळी कोणीच ‘व्हय’ म्हटलं नाही.

संचिताने वळून पाहिलं. खांबाआड काकीने पदर तोंडावर ओढून घेतला होता. पोरांच्या घोळक्यात कोणीतरी फिस्सकन हसलं. आता ही पुन्हा कधीच पायरी उतरणार नाही, आणि ते आपल्यामुळे, हे संचिताला लख्ख दिसलं.

तेवढ्यात दाराशी कोणीतरी घसा साफ केला. काशीबाई. सगळ्या माना तिकडे वळल्या. आता काय ऐकायला मिळणार ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. काकीलाही. पदराआड तिने डोळे घट्ट मिटले.

काशीबाई उठल्या नाहीत. एक हात चौकटीवर, एक पाय बाहेरच्या पायरीवर, नेहमी बसत तशाच बसल्या होत्या. आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

“आनंदी,” त्या म्हणाल्या, “त्या गोळयेचा नाव काय गो?”