इवाझोचा वाडगा

टक्, टक्टक्. वाडग्यावरचं झाकण वाजलं आणि चुलीभोवतीची माणसं जेवता जेवता थांबली.

इवाझोचा हात वाडग्यावर होता. लाखेचं झाकण त्याच्या बोटांखाली थरथरत होतं. त्याने हात उचलला आणि मांडीखाली दाबून धरला. झाकण गप्प झालं. कालही असंच झालं होतं. परवाही.

"झाकण चावतंय का रे तुला?" त्याची म्हातारी आई म्हणाली. "तू लढाईवर होतास तेव्हा इथे रोज तुझं तबक वाढत होतो. आता स्वतः येऊन बसलास, तर तोंड फिरवतोस."

"भूक नाही, आई."

"भूक नाही म्हणे. मग दारात उभा राहून भाताचे गार गोळे कोण खातं? कोल्हा?" आवाज खरखरीत होता, पण नजर त्याच्या पायांवर होती. पाय चिंध्यांत गुंडाळलेले होते. बोटं तिकडेच, चीनच्या थंडीत राहिली होती.

पाच वर्षांच्या हात्सुचं लक्ष या कशात नव्हतं. ती झाकणाकडे बघत होती. ते काढायचं काम तिचं. बाबा लढाईवर गेल्यापासून त्यांच्या रिकाम्या जागेपुढे रोज तबक मांडलं जाई, आणि सगळ्यांची जेवणं झाली की हात्सु झाकण उचलून आत बघे. झाकणाला आतून थेंब धरलेले असले की माणूस जिथे असेल तिथे सुखरूप. जपानातल्या हिदाच्या डोंगरात लहान पोरालाही हे ठाऊक असतं. तिची आई, किनु, कढण उकळतं असतानाच वाडग्यात ओतायची. "अगं, जरा बेताने," सासू म्हणायची, "तिकडे त्याची जीभ भाजेल." मग दोघी हसायच्या, आणि हसता हसता दोघींची नजर झाकणावर जायची. एकदाही ते कोरडं निघालं नव्हतं.

"अहो," किनु हळूच म्हणाली, "काय होतं ते सांगा तरी. कढण बिघडतंय का माझं?"

इवाझो विस्तवाकडे बघत राहिला. बोलला तेही विस्तवाशीच.

"एक गाव होतं. सगळे पळून गेले होते. एका घरातून धूर दिसला म्हणून आम्ही आत शिरलो. आत एक म्हातारी. एकटीच. आणि पुढ्यात दोन वाडगे."

"दोन?" आईने विचारलं.

"एक तिचा. दुसऱ्यावर झाकण. तो ती देईना. हात आडवे घालून बसली. काहीतरी सांगत होती, आम्हाला कळत नव्हतं."

"मग?"

"दोन दिवस पोटात काही नव्हतं, आई."

लाकूड फुटलं, ठिणगी उडाली. ती विझवायला कुणी हात पुढे केला नाही.

"ती हलायची थांबली, त्यानंतर मी झाकण काढलं," इवाझो म्हणाला. "आतून ओलं होतं."

त्याच्या आईने हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. मग त्या उगाचच सरळ करत बसली.

किनु उठली. नवऱ्याचा वाडगा उचलून मागच्या दाराशी गेली. बाहेर उंबऱ्याएवढा बर्फ होता. तिने झाकण काढलं, वाडगा बर्फात रुतवला आणि उभी राहिली. वाफ आधी दाट होती, मग विरळ झाली, मग थांबली. तिने करंगळी बुडवून पाहिली. गारढोण. वरून बर्फाची भुरभुर सुरू झाली होती. बर्फ आत पडू नये म्हणून ती झाकण ठेवायला गेली, तर ते आतून ओलं. तिने ते बाहीने पुसलं. नीट पुसलं, कडांपर्यंत. मग वाडग्यावर ठेवलं.

"घ्या," आत येऊन ती म्हणाली. "गार केलंय."

"मी काढते," म्हणत हात्सु गुडघ्यांवर सरकत आली आणि तिने झाकण उचललं.

वाफ आली नाही. इवाझो वाडग्यात बघत राहिला. मग त्याने मांडीखालचा हात बाहेर काढला. हात थरथरला नाही. दोन्ही हातांनी वाडगा उचलून त्याने तोंडाला लावला. त्याच्या आईने भिंतीकडे तोंड केलं. किनु त्याच्या गळ्याकडे बघत होती. एक घोट उतरला. थोडं थांबून आणखी एक. तिला वाटलं, आता हळूहळू होईल सगळं. उद्या थोडं कोमट करून बघू.

कुणीतरी तिची बाही ओढली.

हात्सुने झाकण उताणं करून विस्तवाच्या उजेडात धरलं होतं. आतून तिने बोट फिरवलं, बोट निरखून पाहिलं, पुन्हा फिरवलं. मग आईच्या कानाशी आली. तिला वाटलं, आपण अगदी हळू बोलतोय. पण वाडगा इवाझोच्या ओठांशीच थबकला.

"आई, कोरडं आहे. बाबा आले नाहीत का?"