उजव्या खांबावरची रेघ

वेवजी गावच्या हर्षदाची पोलीस भरती दोन सेंटीमीटरनं हुकली. रोज झाईच्या किनाऱ्यावर धावून तिनं पाय घट्ट केले होते, पण उंची मोजणाऱ्या बाईंनी तिला धावूच दिलं नाही.

तेव्हापासून ती रोज सकाळी घरामागच्या आंब्याच्या फांदीला शंभर आकडे होईस्तोवर लोंबकळायची. मग तिची आई कमळी तिला दाराच्या डाव्या खांबाला टेकवून डोक्यावर फळी धरायची आणि कोळशानं रेघ ओढायची.

"खाडा तेवढा करू नको," आई म्हणायची.

तीन महिन्यांत एक खाडा नाही. पण रेघेवर रेघ बसत गेली, वर काही सरकली नाही.

उजव्या खांबावर पहिल्यांदा रेघ दिसली, तेव्हा ती गुडघ्याच्या उंचीवर होती. आईनं ती ओढलेली नव्हती. हर्षदानं वरून शेण सारवलं. दुसऱ्या सकाळी रेघ चार बोटं वर होती. त्या रेघेनंही मग कधी खाडा केला नाही. काल ती हर्षदाच्या कानाशी आली.

आज हर्षदा दीडशे आकडे लोंबकळली. भरून आलेले हात चोळत अंगणात आली, तर आई उजव्या खांबापाशी उभी. हातात कोळसा, डोळ्यांत पाणी.

"भरलीस गं बाय! दोन बोटं जास्तच भरलीस!"

"मी? मी तर आत्ता येतेय."

आईच्या हातातला कोळसा गळून पडला.

"मग आत्ता घरात कोण गेलं?"

आतून हर्षदाच्याच आवाजात हाक आली, "आई, माझे दाखले कुठं ठेवलेस?"