कपाटामागची भिंत

सुताराने कपाट हातभर पुढे ओढलं आणि नाकाला रुमाल लावला.

"साहेब, हे बघा."

मागची भिंत काळी पडली होती. जमिनीपासून खांद्याच्या उंचीपर्यंत बुरशी चढली होती. कपाटाच्या पाठीचं प्लायवूड फुगून त्याचे पापुद्रे सुटत होते.

खोली आईची होती. तीन आठवड्यांपूर्वी ती आपल्या धाकट्या बहिणीकडे राहायला गेली होती, आणि तिच्या मुलाला रिकाम्या खोलीत ऑफिसच्या कामासाठी टेबल टाकायचं होतं.

कपाटाच्या वरच भिंतीवर एसी होता, म्हणून त्याने एसीवाल्याला बोलावलं. एसीवाला स्टुलावर चढला, झाकण उघडून त्याने तांब्याभर पाणी आत ओतलं आणि भिंतीला कान लावला.

"पाणी बाहेर पडतच नाही," तो म्हणाला. "भिंतीतला पाइप सांध्यातून निसटलाय. दोन वर्षं तरी भिंत पाणी पितेय. कुणाला वास नाही आला?"

मुलाने बायकोकडे पाहिलं. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

वास आईला आला होता. गेल्या वर्षी ती पहिल्यांदा म्हणाली, "माझ्या खोलीत काहीतरी कुबट येतंय रे." त्याने दारातूनच मान आत घातली आणि आपल्याला तर काही येत नाही, असं सांगितलं. बायकोने सुगंधी फवारा आणून ठेवला. आई पुन्हा म्हणाली. मग रोजच म्हणू लागली. सकाळ झाली की ती कपाटातले सगळे कपडे काढून गॅलरीत पसरायची आणि संध्याकाळी घड्या घालून परत आत ठेवायची. शेजारीण एकदा विचारून गेली, "आजी बऱ्या आहेत ना?"

मग डॉक्टर झाले. डॉक्टरांनी आजची तारीख विचारली, आईची दोन दिवसांनी चुकली. नसलेले वास येणं हे या वयात एखाद्या आजाराचं लक्षण असू शकतं, असं ते म्हणाले. त्यानंतर घरात तिच्याशी सगळे जरा मोठ्याने आणि सावकाश बोलू लागले. आईने वासाचा विषय सोडून दिला. एका रविवारी तिने बॅग भरली आणि चार दिवस बहिणीकडे जाऊन येते म्हणाली. चारचे आठ झाले, आठचे वीस. परत कधी येणार, हे कुणी विचारलं नव्हतं.

भिंत त्याने स्वतः खरवडली. रंगारी नको नको म्हणत होता. तोंडाला मास्क बांधून दोन दिवस तो ओला गिलावा पाडत बसला. पाइप बदलला. आठ दिवस पंखे लावून भिंत वाळवली. नवा गिलावा, नवा रंग, नवं कपाट. टेबलाचं त्याने डोक्यातून काढून टाकलं. सगळं झाल्यावर त्याने आईला फोन लावला.

"आई, तुझं बरोबर होतं. भिंत आतून पार सडली होती. आम्हीच चुकलो. आता सगळं नीट केलंय. उद्या न्यायला येतो."



"काल मला इथे काहीतरी जळल्याचा वास आला," आई म्हणाली. "तुझी मावशी नुकती जेवायला बसली होती. तशीच उठली. गॅस बघितला, बटणं बघितली, जिन्यापर्यंत जाऊन आली. घरभर हुंगत फिरली."

त्याने विचारलं, "काय जळत होतं?"

"काहीच नाही," आई म्हणाली. "तरी ती उठली. मी इथेच राहते रे."