वेगळी कढई

वसईत नव्याने निघालेल्या चायनीज-कोरियन हॉटेलात मधुसूदनराव बायकोला घेऊन थाटात बसले होते. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर सांडोरची हिल्डा टीचर नवरा-मुलांसह येऊन बसली. तिच्या गळ्यातला क्रूस दिसताच मधुसूदनरावांनी नाक मुरडलं.

“ऊठ गं, आता ही मंडळी हाडं चघळणार. यांच्या पंगतीला बसून बाटायचंय का आपल्याला?” हिल्डाला नीट ऐकू जाईल अशा बेताने ते बायकोला म्हणाले आणि तरातरा कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसले.

वेटर हिल्डाची ऑर्डर घेऊन मग यांच्याकडे आला.

“आम्ही शुद्ध शाकाहारी!” त्यांनी त्याला दम भरला. “आमचं वेगळ्या कढईत झालं पाहिजे. तो कोरियन भात आण, वर अंडं फोडून घालतात तो. अंड्याला काय होतंय, ते व्हेजच!”

वेटर घुटमळला.



“काका, वेगळी कढई एकच आहे आणि ती टीचरनी मागितलीय. त्यांचा उपवासकाळ चाललाय, ईस्टरपर्यंत त्या अंडंसुद्धा खात नाहीत. तुमचं तिच्यात केलं तर ती बाटेल.”