बोंडांवरची पांढरी रेघ

“ही वाळकी बोंडं रंगवायला माझा मुलगा ठेवून घेतलात होय?” चपला काढता काढताच काचवालीबाईंनी विहिणीला विचारलं.

विहीण हसली. “आधी आत तर या. पाणी देते.”

बाईंना पाणी नको होतं. मुलगा हवा होता. बायकोच्या माहेरी आठ दिवस राहून येतो म्हणून गेला, त्याला चार महिने झाले. फोन केला की नुसतं ‘येतो, येतो’. आज मानगूट धरून न्यायचाच, असं ठरवून त्या निघाल्या होत्या. सून कामावर गेलेली असणार हेही बघून ठेवलं होतं. मध्ये बोलायला कुणी नको.

बसायला जागा होती कुठे! खुर्चीवर बोंडं, खिडकीत बोंडं, भिंतीवर तारेत ओवलेली बोंडं. पाइनच्या झाडाखाली पडलेला हा बोंडांचा कचरा वेचून आणायचा, ओव्हनमध्ये सुकवायचा, त्याला रंग फासायचा आणि घराची शोभा म्हणून टांगायचा. एक सोनेरी, एक निळं, एकाला तर डोळे काढून घुबड केलेलं. ते घुबड बाईंकडे टक लावून बघत होतं. बाईंनी त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं.

“घेतात का हो लोक हे?”

“घेतात की. आवडीनं घेतात.”

“चष्मा घरी विसरून येत असतील.”

बाईंचं दुकान काचेच्या भांड्यांचं. त्यांच्या पेल्यावर बोटाचा ठसा उमटलेला चालत नसे. अशा बाईच्या पोटी फोड्या जन्माला यावा! हे नाव त्यांनीच ठेवलेलं. सातव्या वर्षी त्याच्या हातून बरणी निसटली, आणि तेव्हापासून हाताला जो कंप धरला तो सुटला नाही. घोडा झाला, लग्न झालं, तरी चहाचा कप घेतला की बशी वाजायची. तीन डॉक्टर झाले, तेलं झाली, पट्टे झाले. कुणाला काही सापडलं नाही. शेवटी बाईंनी त्याला खोकी उचलायला ठेवलं आणि प्रत्येक खोक्यामागे स्वतः उभ्या राहिल्या. ‘फोड्या, सांभाळ! फोड्या, पडेल!’ वर्षानुवर्षं घसा कोरडा केला. आईनं याहून आणखी काय करायचं असतं?

“कुठाय तो?”

“मागच्या खोलीत. शेवटचा हात तेच देतात. मला तेवढं बारीक काम नाही जमत.”

“फोड्या? शेवटचा हात?” बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. “कठीण आहे हो तुमचं!”

डोळे पुसत त्या मागे गेल्या. दार अर्धं उघडं होतं. आत रेडिओ मोठ्यानं चालला होता. मुलगा टेबलाशी बसलेला, बाजूनं दिसत होता. डाव्या हातात बोंड, उजव्यात केसाएवढा ब्रश. बोंडाच्या एकेका खवल्याच्या कडेला तो पांढरी रेघ ओढत होता. रेघ कुठे जाड नाही, कुठे तुटलेली नाही. एक खवला झाला की बोंड जरासं फिरवायचा आणि पुढचा धरायचा. तोंडानं रेडिओबरोबर गुणगुणत होता. काचेवर वेलबुट्टी कोरणारे नावाजलेले कारागीर बाईंनी पाहिले होते. त्यांचे हातही इतके स्थिर नव्हते.

बाई चटकन मागे फिरल्या आणि त्यांनी विहिणीचा दंड धरला.

“कुठला डॉक्टर केलात?”

“कशासाठी?”

“भोळेपणाचं सोंग नको. हातासाठी. त्याचा हात कापतो.”

“जावईबापूंचा?” विहीण खरंच गोंधळली. “चार महिन्यांत मी तरी कापताना नाही पाहिला.”

लबाड, बाईंच्या मनात आलं. औषधाचं नाव सांगितलं तर हिचा तोरा कमी होईल ना! थांब, त्यालाच विचारते. त्यांनी दार ढकललं.

“काय रे फोड्या!”

मुलानं वर पाहिलं. “आई?”

आणि ब्रश थरथरू लागला. पांढरी रेघ खवल्यावरून घसरून बोंडभर वेडीवाकडी धावली. कोपर लागून रंगाची बशी उपडी झाली. त्यानं घाईघाईनं उजवा हात टेबलाखाली नेला आणि डाव्यानं दाबून धरला.

रेडिओ चालूच होता. विहिणीनं उपडी झालेली बशी उचलली.

“न्यायला आलीस ना?” मुलगा म्हणाला. “कपडे भरतो. दहा मिनिटं दे.”

बाईंनी टेबलाखाली पाहिलं. मग नेहमीसारखं नाक मुरडलं.

“तुला? तुला नेऊन काय लोणचं घालू? तू गेल्यापासून दुकानात एक पेला फुटला नाही. राहा इथंच, रंगव बोंडं.” त्या वळल्या. “मी निघते. रंगाच्या वासानं डोकं उठलंय माझं.”

चपला घालून त्या बाहेर पडल्या, पण गेल्या नाहीत. घराच्या भिंतीला पाठ लावून, आतून कुणाला दिसणार नाही अशा उभ्या राहिल्या. विहीण पाण्याचा पेला घेऊन मागोमाग आली. बाईंनी पेला घेतला, पण तो तोंडाला लावला नाही. आवाज इतका खाली आणला की विहिणीला ओठांवरूनच ओळखावं लागलं.

“जरा आत बघून या ना. थांबला का त्याचा हात?”